उभ्या इमारतीचा भाव

नाशकात रविवार कारंज्यापासून दहीपुलाकडे उतरणाऱ्या एखाद्या गल्लीत तीन मजली इमारत विक्रीला निघाली, की एजंट इमारतीबद्दल फारसं बोलतच नाही. खाली तीन गाळे, वर बिऱ्हाडं, त्यावर कौलारू माळा, मागे चिंचोळा चौक; हे सगळं तो दोन वाक्यांत उरकतो. त्याला रस असतो जागेत. फ्रंट किती, चौरस वार किती, उद्या रस्ता रुंद झाला तर एफएसआय, म्हणजे बांधता येणारं चटईक्षेत्र, किती, कुंभमेळ्याआधी भाव काय आणि नंतर काय. मालकाने सांगितलेला आकडाही याच बोलण्यातून आलेला असतो. म्हणजे घेणाऱ्याने पैसे मोजायचे ते समोर उभ्या असलेल्या इमारतीचे नव्हेत. ती पाडल्यावर तिथे जे काही उभं राहील असं सगळे धरून चालले आहेत, त्याचे.

हा हिशेब उलटा आहे. जुन्या नाशकातली लहान इमारत आज आहे त्या अवस्थेत, आजच्या भाडेकरूंसह आणि आजच्या रस्त्यावर जे कमावते तेवढ्याचेच पैसे मोजावेत. ‘डेव्हलपमेंट’ झालीच तर ती फुकट पदरात पडली समजावी. त्यासाठी आगाऊ पैसे मोजणारा स्वतः तर अडकतोच, शिवाय इमारतीलाही मारतो.

खाली दुकान आणि वर घर ही रचना नाशिकला कुणी नगररचनाकाराने शिकवलेली नाही. तांबटांच्या आळ्या, सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकालीतली किराणा आणि मसाल्याची दुकानं, पंचवटीत काळाराम मंदिराच्या वाटेवरचे पूजासाहित्याचे गाळे. सगळीकडे ओट्यावर धंदा, मागे कोठार आणि जिना चढून गेलं की संसार. सागवानी खांब-तुळया, विटा, चुना आणि मातीचा गिलावा. दुकानाचं कुलूप मालकाच्या उशाशी असायचं. इमारतीचं पोट आणि डोकं एकाच कुटुंबाचं होतं, म्हणून कौलं वेळेवर चाळली जायची.

ही जोडी कधी तुटली? १९८२ मध्ये महापालिका झाली, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी माणसं आणली, सिडकोच्या वसाहती उठल्या, गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर भरत गेले. २०११ च्या जनगणनेत शहर १४ लाख ८६ हजारांवर पोचलं. गाडी लावायला जागा, लिफ्ट, स्वतंत्र संडास या साध्या गोष्टींसाठी माडीवरची बिऱ्हाडं गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये गेली. मेन रोडचा कापड बाजार, सराफ बाजार, महात्मा गांधी रोडवरची मोबाइलची दुकानं मात्र जागची हलली नाहीत. बदलत्या वस्तीबद्दल बोलताना लोक एकच बदल गृहीत धरतात, एक तर वस्ती वर चालली आहे किंवा खाली. इथे एकाच इमारतीत दोन्ही चालू असतात. तळमजला कमावतो आणि वरचा मजला कुजतो. पाऊस वरून येतो, पैसा खालून. आणि खालच्याला वरच्याशी देणंघेणं उरलेलं नसतं.

याला कायद्याने हातभार लावला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्ध आणि फाळणीच्या काळात ते समजण्यासारखं होतं. पुढे अर्धशतक मुदतवाढ मिळत राहिली तेव्हा समजण्यासारखं राहिलं नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने मालकाला दर वर्षी ४ टक्के वाढ दिली. गणित करून पाहावं: २००० साली महिना १५० रुपये असलेलं भाडं पंचवीस वर्षं ही वाढ न चुकता घेतली तरी ४०० रुपयांवर येतं. मालकाने घर दुरुस्त ठेवावं असं हाच कायदा सांगतो, आणि त्याने ते केलं नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी, खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही ठेवतो. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. चारशे रुपयांच्या भाड्यावर हा हिस्सा होतो वर्षाला १,२०० रुपये. एवढ्यात गवंडी येऊन गळती बघून जाईल, फार तर.

इथे भाडेकरूला खलनायक करण्याची रीत आहे. मालकांच्या बैठकीत ती हमखास पाळली जाते. पण ज्याच्या आजोबांनी गाळा घेताना पागडी मोजली, ज्याने पन्नास वर्षं त्याच जागेवर गिऱ्हाईक बांधलं, त्याच्या दृष्टीने तो गाळा भाड्याचा नाहीच. अर्धा त्याचाच आहे. १९९९ च्या कायद्याने पागडीचा हा उघड गुपिताचा व्यवहार कायदेशीरही करून टाकला. भाडेकरू गेल्यावर त्याच्या घरात राहणाऱ्या किंवा दुकान चालवणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. नवा मालक खरेदीखत करतो तेव्हा जुन्या मालकाच्या जागी येऊन उभा राहतो, एवढंच. कुळं त्याच्याबरोबर विकत येतात, त्यांच्या भाड्याच्या पावत्यांसह.

आता एक कल्पित उदाहरण, आकडे गोल धरून. गल्लीतली इमारत, खाली तीन गाळे. दोन गाळ्यांत आणि वरच्या दोन बिऱ्हाडांत जुने भाडेकरू. चौघांचं मिळून महिना १,५०० रुपये, वर्षाला १८ हजार. तिसरा गाळा रिकामा आहे. तो २५ हजारांनी गेला तर वर्षाला ३ लाख. सर्वांत वरचा मजला दुरुस्त करून एखाद्या क्लासला किंवा टेलरिंगच्या कारखान्याला १२ हजारांनी दिला तर १ लाख ४४ हजार. एकूण ४ लाख ६२ हजार. त्यातून घरपट्टी, डागडुजी, विमा, एखादा महिना जागा रिकामी राहणं, वकील असं सगळं मिळून १ लाख १२ हजार काढले तर हातात साडेतीन लाख उरतात. मुदत ठेवीसारखे ७ टक्के सुटायला हवेत असं धरलं तर या इमारतीची किंमत ५० लाख. मालक मागतो १ कोटी.

मधले ५० लाख कशाचे? पाडून नवं बांधण्याच्या आशेचे. आशेलाही व्याज लागतं. ७ टक्क्यांनी ५० लाखांचे दहा वर्षांत जवळजवळ १ कोटी होतात. म्हणजे दहा वर्षांनी प्रकल्प उभा राहिला तरी, जास्तीचे मोजलेले ५० लाख वसूल होण्यासाठी त्यातून कोटीभर रुपये निव्वळ सुटायला हवेत, आणि तेही चारही भाडेकरूंना जागा देऊन झाल्यावर. कारण पाडून नवं बांधायचं आहे या कारणावरून ताबा मागण्याची मुभा कायद्यात असली, तरी मंजूर नकाशे लागतात आणि भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याची हमी द्यावी लागते. चौघांना जागा दिल्यावर विकायला उरतं काय, हे त्या गल्लीची रुंदी ठरवते.

आणि रुंदी हीच नाशकातल्या बांधकामाची खरी नियती आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद वगळून राज्यभर लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत किती मजले, किती प्रीमियम एफएसआय, टीडीआर (दुसरीकडून आणलेले विकास हक्क) वापरता येईल की नाही, हे सगळं समोरचा रस्ता किती मीटरचा यावर लटकलेलं आहे. ९ मीटरच्या आत टीडीआरचं दार बंद. जुन्या गावठाणातल्या कितीतरी गल्ल्यांत दोन दुचाकी समोरासमोर आल्या की एकीला मागे यावं लागतं. तिथे वाढीव एफएसआयची स्वप्नं विकणारा एजंट बिनधास्त बोलू शकतो, कारण नकाशा मंजुरीच्या वेळी तो तिथे नसतो.

हे फक्त वाड्यांचंच दुखणं नाही. नाशिककरांना ‘कपाट प्रश्न’ वेगळा समजावून सांगायला नको. ६ आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवर उभ्या राहिलेल्या आरसीसी इमारतींत कपाटांसाठी बाहेर काढलेली जागा एफएसआयमध्ये धरायची की नाही, यावरून २०१५ च्या सुमारास महापालिकेने ताठर भूमिका घेतली आणि हजारो फ्लॅट आणि गाळे पूर्णत्वाच्या दाखल्याविना लटकले. कर्ज फिटत होतं, लोक राहतही होते. कागदोपत्री इमारत मात्र पूर्ण झालेली नव्हती. पुढे ६ मीटरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडून तो ९ मीटरचा धरायचा, असा तोडगा पुढे आला. तेव्हा खाली चार दुकानं, वर सहा फ्लॅट अशी वीस-पंचवीस वर्षांची इमारत कुणी दाखवायला नेलं, तर रंगाच्या आधी भोगवटा प्रमाणपत्र विचारावं. मंजूर नकाशात जिथे पार्किंग आहे तिथे आज शटर आहे का, बाजूच्या समासात पत्रा टाकून नाश्त्याचा गाडा आत घेतला आहे का, वरच्या ‘फ्लॅट’मधल्या ब्युटी पार्लरचं वीजबिल घरगुती दराने येतं की व्यापारी, हे बघावं. गंगापूर रोडवर बंगल्यांचे कॅफे झाले ते डोळ्यांना छान दिसतं. वापरातला बदल मंजूर आहे की नाही, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

मूळ मुद्दा मात्र वाड्याचा, कारण तिथे चुकीच्या भावाची किंमत माणसं जिवाने मोजतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये जुन्या तांबट लेनमध्ये वाडा कोसळून दोघांचा जीव गेला. ती पहिली घटना नव्हती आणि शेवटचीही ठरली नाही. दर वर्षी मे-जूनमध्ये महापालिका धोकादायक घरांना नोटिसा लावते, तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणीची आठवण करून देते, जुलैमध्ये भिंती पडतात, ऑगस्टमध्ये मंत्री किंवा आमदार भेट देतात. याला निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. वाडा पडण्यामागे एक थंड व्यवहार असतो. मालकाला वाटतं, दुरुस्ती केली तर भाडेकरू आणखी वीस वर्षं बसेल. न केली तर कंटाळून जाईल, नाहीतर महापालिकाच पाडायला लावेल. भाडेकरूला वाटतं, सोडून गेलो तर हक्क गेला. बसून राहिलो तर बिल्डर आल्यावर काहीतरी हाती लागेल. दोघेही एकमेकांच्या दमण्याची वाट बघतात आणि दोघांच्या डोक्यावर तीच तुळई असते.

मालकाची बाजू कायद्यानेही लंगडी केली आहे, ही गोष्ट मात्र अनेक खरेदीदारांच्या कानावर आलेलीच नसते. इमारत पडली की भाडेकरार संपला, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने शहा रतनशी खिमजी खटल्यात तो खोडून काढला. जमीन आहे तोवर भाडेकरूचा हक्क आहे. वरचं बांधकाम महापालिकेने पाडलं एवढ्याने तो मरत नाही. म्हणजे दहा पावसाळे वाट बघून, जीव धोक्यात घालून, मालकाच्या हाती येतो तो मोकळा भूखंड नव्हे. भूखंड येतो आणि त्यावर तेच चार दावेदार उभे असतात, आता जास्त चिडलेले.

म्हणून पाडण्याच्या आशेने मोजलेले पैसे नुसते महाग पडत नाहीत, ते घेणाऱ्याचे हात बांधतात. ५० लाख जास्तीचे मोजलेल्याला कौलांवर ५ लाख खर्च करणं मूर्खपणा वाटू लागतं. जे पाडायचंच आहे ते दुरुस्त कशाला करायचं? ज्याने ५० लाखांतच घेतलं त्याच्यासाठी ते ५ लाख म्हणजे वरच्या मजल्याचं भाडं सुरू होण्याची अट. तोच वाडा, तेच भाडेकरू, तोच कायदा. कौलं मात्र एकाच्या डोक्यावर गळतात.

यावर बाजारातला माणूस हसेल आणि दोन-चार नावं सांगेल: अमक्याने वाडा घेतला, पाच वर्षांत तिथे कॉम्प्लेक्स उभं केलं आणि सुटला. अशी उदाहरणं आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण ती नीट तपासली तर बहुधा तीन गोष्टी एकत्र आढळतात: रस्ता मुळातच रुंद, भाडेकरू एक-दोनच आणि मालकी एकाच्याच नावावर. अशी इमारत स्वस्तात मिळत नाही, कारण विकणाराही दहीपुलावरच वाढलेला असतो. उरलेल्यांत मालकीचीच वीण विस्कटलेली असते. मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, त्यांना चार मुलं, तीन मुली, त्यांतले दोघे गेलेले, एक नातू पुण्यात, एक नात अमेरिकेत. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो हक्क जन्मसिद्ध ठरला, लग्न झालेलं असो वा नसो. तरीही ‘बहिणींचं काय, त्या सह्या करतील’ हे वाक्य आजही सौद्यात पहिल्या चहाबरोबर येतं. त्या करतीलही. पण हक्कसोडपत्र नोंदलेलं हवं, आणि ते बयाण्याआधी. एका भावाचा अविभक्त हिस्सा स्वस्तात घेऊन आत शिरण्याचा मोह तर टाळावाच. राहत्या एकत्र घरातल्या हिश्शाच्या परक्या खरेदीदाराला संयुक्त ताबा मागता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायदाच सांगतो. पंचवटीत आणखी एक पेच: जागा एखाद्या देवस्थानाची किंवा न्यासाची निघाली, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीविना विक्रीच होत नाही.

मग कुंभमेळा. सध्या प्रत्येक सौद्यात तो बसलेला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण, रस्ते, पूल, रामकुंड आणि काळाराम परिसरातला ‘रामकाल पथ’. पंचवटीतल्या दीड खोलीच्या मालकालाही यात्री निवासाची स्वप्नं पडू लागली आहेत. मागचे दोन कुंभ आठवले तर उत्साहाला थोडा लगाम बसावा. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक दगावले. तेव्हापासून या भागातला प्रत्येक बोळ प्रशासनाला गर्दी कोंडणारी नळी दिसतो, आणि ते गैर नाही. त्याचा परिणाम २०१५ मध्ये दिसला. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला पोलिसांनी इतके अडसर घातले की भाविकच कमी पोचले. माल भरून बसलेले दुकानदार रस्त्याकडे बघत राहिले. १३ सप्टेंबरला निर्बंध सैल झाले आणि लोट आला. एकाच मेळ्यातल्या दोन पर्वण्यांत एवढी तफावत पडते, तीही दुकानदाराच्या हातात नसलेल्या एका बंदोबस्ताच्या आराखड्यामुळे. बारा वर्षांतल्या काही आठवड्यांच्या कमाईवर पुढची अकरा वर्षं हप्ते फेडता येत नाहीत. आणि रुंदीकरणाची रेषा इमारतीच्या ओट्यावरून जाते की देव्हाऱ्यावरून, हे विकास आराखड्याच्या नकाशात आधीच पाहता येतं. जागेचा पुढचा तुकडा गेला, तर उरलेल्या तुकड्यात गाळा बसतो का, हा प्रश्न मोबदल्याच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

सरकारी सुधारणा चालू असतानाचा काळही हिशेबात धरायला हवा. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा स्मार्ट रोड जेमतेम १.१ किलोमीटरचा. त्याची मुदत इतकी लांबत गेली की त्या वाटेवरच्या दुकानदारांनी खणलेल्या चरांवर फळ्या टाकून गिऱ्हाईक आत घेतलं. झाल्यावर रस्ता बरा दिसतो. पण कर्जाचा हप्ता फळ्या टाकलेल्या महिन्यांतही कापला जातोच.

गोदावरीबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगावं लागतं, कारण खरेदीला लोक उन्हाळ्यात फिरतात. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं. तिथे नदीच नव्हे, बाजाराखालून वाहणारा सरस्वती नालाही उलटतो. २००८ च्या पुरानंतर आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा केवळ विम्याचा विषय नाहीत. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळपास बंद आणि दोन रेषांच्या मध्ये अटींसह. म्हणजे नदीकाठच्या इमारतीच्या भावात पुनर्विकासाचा एक रुपयाही धरणं हे निव्वळ अज्ञान आहे, आणि तरी तो धरलेला असतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर पुराची तीव्रता सांगणारं शहर मिळकत घेताना मात्र ती खूण विसरतं.

भाडे नियंत्रण उठवलं की सगळं सुटेल, असं एक लोकप्रिय मत आहे. मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनने ते करून पाहिलं. तिथली जुनी घरंही आपल्यासारखीच, खाली दुकान आणि वर वस्ती. १९६६ चा भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या अखेरीला संपला. भाडी उसळली, जुने कारागीर आणि वृद्ध भाडेकरू बाहेर पडले, कितीतरी घरं रिकामी राहिली. २००८ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत गेलं, मग पर्यटक आले, बुटीक हॉटेलं आली. इमारती वाचल्या असं म्हणता येईल. त्यांत काम करणारी माणसं बऱ्याच अंशी गेली. नाशकातल्या तांब्या-पितळेच्या ठोकणीचा आवाज काढून टाकून वाडा तेवढा राखायचा असेल, तर तोही मार्ग आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी मांडलेला मुद्दा इथे जास्त कामाचा: नवा धंदा जुन्या, स्वस्त इमारतीत सुरू होतो, कारण नव्या इमारतीचं भाडं त्याला झेपत नाही. मेन रोडच्या मागच्या बोळातल्या माडीवर डिझाइनर ब्लाउज शिवणाऱ्या चार मशीन, मोबाइल दुरुस्तीचं शिकवणीघर, ऑनलाइन पैठणी विकणाऱ्या बाईंचं पार्सल बांधण्याचं टेबल; यांना कॉलेज रोडवरची काच लावलेली जागा परवडत नाही. माडी दुरुस्त असेल तर हे भाडेकरू मिळतात. त्यांच्याशी करार नोंदलेला हवा, मुदतीचा हवा, आणि ध्यानात ठेवायचं की लीव्ह अँड लायसन्सच्या परवान्याची मुदत संपल्यावर जलद ताब्याची कायद्यातली खास तरतूद राहत्या जागेपुरती आहे. दुकान-कार्यालयासाठी नेहमीच्या दिवाणी वाटेनेच जावं लागतं.

जुन्या भाडेकरूंतही फरक असतो. एखाद्या गाळ्यात बँक असेल, किंवा १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी असेल, तर तिला १९९९ च्या कायद्याचं संरक्षण नाही. तिचं भाडं बाजारभावाला नेता येतं. खरेदीआधी पावत्या चाळल्या तर अशी एखादी संधी सापडते आणि मालकाच्याच ती लक्षात आलेली नसते. उलट, भाड्याने दिलेल्या जागेची घरपट्टी स्वतःच्या वापरातल्या जागेपेक्षा जड, निवासीपेक्षा बिगरनिवासी जड. २०१८ मधली करवाढ किती पेटली होती हे शहराला आठवत असेलच. थकबाकी इमारतीवर बसते, विकणारा ती बरोबर घेऊन जात नाही.

तर मग घ्यावं कुणी? ज्याला गाळा स्वतःच्या धंद्यासाठी हवा आहे त्याने. त्याचं भाडं वाचतं, तेच त्याचं उत्पन्न. वर राहायला गेला तर कौलं पुन्हा त्याच माणसाच्या डोक्यावर येतात ज्याच्या हातात गल्ला आहे. आणि त्याहूनही योग्य गिऱ्हाईक आधीच इमारतीत बसलेलं असतं: जुना भाडेकरू. भाडेकरूसह इमारत बाहेरच्याला ५० लाखांना परवडते. पण त्यातल्याच दुकानदाराने घेतली तर त्याचा गाळा त्याच क्षणी मोकळ्या गाळ्याच्या किमतीचा होतो. तो ६०-६५ लाख मोजू शकतो आणि तरी फायद्यात राहतो. चारही भाडेकरूंनी मिळून घेतली तर पाडापाडीचा वादच उरत नाही, उरतो तो फक्त खर्चाच्या वाटणीचा, आणि तो मांडायला एक वही पुरते.

अडचण पैशांची येते. भाडेकरूंनी भरलेल्या जुन्या इमारतीवर बँका कर्ज द्यायला बिचकतात. पतपेढी देते, पण महाग. मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. नाशिकच्या वाड्यासाठी तसं काही नाही. त्याच्यासाठी आहे ती धोकादायक असल्याची नोटीस. महापालिकेने नोटिशीबरोबर दुरुस्ती झालेल्या इमारतीला चार-पाच वर्षं घरपट्टीत सवलत द्यायची ठरवली, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी बँकेने भाडेकरूंच्या एकत्र खरेदीसाठी कर्जाची योजना काढली, तर एक कोटी मागणाऱ्या मालकालाही साठ लाखांचं खरं गिऱ्हाईक समोर दिसेल. तोवर तो एजंटकडे तोच आकडा ठेवून बसणार, दर दिवाळीला पाच लाखांनी वाढवत.

अशा मालकाशी घासाघीस करण्यात वर्ष घालवू नये. साडेतीन लाखांचं गणित कागदावर मांडून त्याच्या हाती द्यावं, आकडा सांगावा आणि शेजारच्या गल्लीतली इमारत बघायला जावं; जावं ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन दिवस झड लागल्यावर, आणि जिना चढून थेट माळ्यावर.